थडीचा पट्टा

निफाड तालुक्यात द्राक्षावर वाद घालायला माणसं शोधावी लागत नाहीत. भाव, औषधं, पाऊस, व्यापारी, कुठलाही विषय काढा, ओट्यावर चहाची दुसरी फेरी होतेच. बागेच्या कडेचं रान ठेवायचं की काढायचं, या वादात मात्र सहसा कुणी पडत नाही. त्यातून पैसा सुटत नाही आणि भांडण तेवढं घरात शिरतं. म्हणून हा वाद मी दोन पात्रांच्या तोंडी घातला आहे. पात्रं रचलेली आहेत. नदी, बंधारा, हत्ती, मासा आणि रोग खरे आहेत.

एक वहिनी. कादवेच्या काठची घरची साडेचार एकर बाग त्या बघतात. नवऱ्याला मणक्याच्या ऑपरेशननंतर बागेत वाकता येत नाही आणि या वादात तो शहाण्यासारखा गप्प असतो. दुसरे भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर. नाशिकला भूगोल शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात कायम दुर्बीण. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. भांडण आहे ते बाग आणि नदी यांच्यामधल्या पंधरा गुंठ्यांच्या उतारावरून. तिथे बाभळी आहेत, करंज आहे, निरगुडी माजलेली आहे, पाण्याजवळ लव्हाळ्याचं बेट आहे. वहिनींना तो पट्टा साफ करून रॉयल्टी भरून मिळणारं नवं वाण लावायचं आहे.

वहिनी: भाऊजी, उद्या जेसीबी येतोय. मागाहून म्हणू नका, विचारलं नाही.

भाऊजी: तुम्ही विचारत नाही वहिनी, कळवता. जेसीबी कशात घालताय ते तरी माहीत आहे का?

वहिनी: गाळात. गेल्या पुरानंतर ड्रिपच्या नळ्या त्याच गाळातून उपसल्यात मी.

भाऊजी: हा गाळ गेल्या पुराचा नाही. नदीनं तो हजारो वर्षं आणून टाकलाय. इथून खाली नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीच्या अशाच गाळात हत्तीचे अवशेष मिळाले होते. १९०५ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या पिलग्रिमनी त्यावर लेख लिहिला. आपल्या देवळापुढून जातो तो हत्ती नव्हे. ही जातच नामशेष झालेली, सरळ सुळ्यांची, आजच्या हत्तीहून कितीतरी थोराड. नर्मदेवरून तिला नमाडिकस म्हणतात. आपल्या बागेखाली काय असेल, कुणी सांगावं?

वहिनी: हत्तीच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज नव्हतं ना?

भाऊजी: आणि हा खडा बघा. तुमच्याच वरच्या बांधावरचा.

खडा सुपारीपेक्षा थोडा मोठा. बाहेरून पांढुरका, ओबडधोबड, बोटाला चुना लागेल असा. फोडला तर आतून राखाडी आणि टणक. गोदावरीच्या जुन्या गाळात असे चुनखडीचे खडे जागोजागी सापडतात. पाऊस कमी, ऊन फार, अशा काळात जमिनीतलं पाणी वर खेचलं जाऊन उडून गेलं आणि विरघळलेला चुना मागे राहून गोळा झाला. भाऊजींना त्या खड्यात एक कोरडं युग दिसतं.

वहिनी: चुनखडी मला दाखवता होय? इकडं या, तिसऱ्या ओळीत. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्यामुळं वेलीला लोह मिळत नाही. फेरस सल्फेटची फवारणी करून करून हात काळे झाले. तुमचं कोरडं युग मी पोत्यानं विकत घेऊन निस्तरतेय.

भाऊजी: म्हणून तर डॉगरिज लावला ना?

वहिनी: तो क्षारासाठी. पूर्वी थॉम्सनची काडी सरळ जमिनीत खोचायचे. नव्वदनंतर पाणी तुटलं, बोअरचं पाणी खारं झालं, तेव्हा खुंट आला.

भाऊजी: आणि तो खुंट टेक्सासच्या रानवेलीचा. वर पश्चिम आशियाकडची बिनबियांची जात, खाली अमेरिकेतलं रान. तुमचा डाऊनी मिल्ड्यूही तिकडचाच. १८७८ च्या सुमारास तो अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला, बागांमागून बागा बसल्या. मग मिलार्डे नावाच्या प्राध्यापकानं १८८५ मध्ये मोरचूद आणि चुना एकत्र करून दाखवला. तेच तुमचं बोर्डो.

वहिनी: म्हणजे रोग त्यांचा, औषध त्यांचं, मुळंही त्यांची. आपलं काय, बिल?

इथपर्यंत भाऊजी वर्गात उभे आहेत. ते खोटं काही सांगत नाहीत, पण त्यांचा इतिहास फुकटात बघता येतो. वहिनींना त्याच गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो. आता वाद बंधाऱ्यावर येतो आणि तिथे पारडं फिरतं.

इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरला बंधारा घातला आणि दोन्ही काठांनी कालवे काढले. पाणी खाली कोपरगाव-राहात्याच्या मळ्यांना गेलं. बंधाऱ्यामागचा फुगवटा मात्र वर्षानुवर्षं गाळानं भरत राहिला. इंजिनिअरच्या दृष्टीनं हे दुखणंच. पण पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळ्यात बदकं उतरू लागली: थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. चित्रबलाक आणि जांभळ्या पाणकोंबड्याही तिथे दिसतात, वारकऱ्यांचे तर थवेच असतात. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं सांगतात. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात शेतंही आली आणि गावंही. २०२० च्या जानेवारीत त्यातल्या सुमारे १,४३७ हेक्टरांचं नाव रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर जागा.

वहिनी: म्हणजे तुमचं भरतपूर हा बंधाऱ्यात अडकलेला गाळ. माणसानंच केलेलं. माझी बागही माणसानंच केली. मग त्याला जगभरचा मान आणि माझ्या पंधरा गुंठ्यांना तुमची परवानगी?

भाऊजी: माणसानं बंधारा केला. पाणथळ त्यानं केली नाही. गाळ काढणं परवडलं नाही म्हणून तो तसाच राहिला, एवढंच. ती जागा शंभर वर्षं कुणी साफ केली नाही, म्हणून झाली. मीही तुम्हाला काही करा म्हणत नाही. करू नका म्हणतोय.

वहिनी: काही न करण्याचाही खर्च असतो. तुम्ही दहा वाजता येता, दुर्बीण घेऊन. सकाळी सहाला या एकदा.

आणि मग वहिनी जे सांगतात ते पक्ष्यांच्या कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते. पुढच्या चाळीसेक दिवसांत फूट निघते, घड दिसतो, फुलोरा येतो, आणि नेमका हाच काळ डाऊनीचा. त्याचा बीजाणू ओल्या पानावर रुजतो. नदीकाठी दव जास्त पडतं. ऊन लागून वारं फिरलं की पान सुकतं. पण पट्टा आहे बागेच्या पूर्वेला. बाभळींच्या सावलीमुळे शेवटच्या तीन ओळींना ऊन उशिरा लागतं, निरगुडीच्या भिंतीनं वारं अडतं. वरच्या ओळी आठला कोरड्या होतात, या तीन ओळी दहापर्यंत ओल्याच. पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी पहिल्यांदा इथेच दिसते आणि मग साऱ्या बागेवर फवारणी वाढते.

वहिनी: आता सांगा. तुमच्या रानामुळं माझा ट्रॅक्टर जास्त वेळा फिरतो. ते औषध उतारानं जातं कुठं? तुमच्याच नदीत.

भाऊजी गप्प. वाचकहो, त्यांना गप्प बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. रान राखलं म्हणजे विष कमी झालं, हे समीकरण भल्याभल्या निसर्गप्रेमींच्या तोंडी असतं. इथे ते तीन ओळींनी उलटं केलं. पट्टा वाचवायचा असेल तर या दवाला उत्तर द्यावं लागेल. मासा किती दुर्मीळ आहे, हे सांगून ते टळत नाही. पण भाऊजी आधी मासाच काढतात.

भाऊजी: नदी माझी एकट्याची नाही. १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा यांनी देवळालीच्या एका माशाचं वर्णन केलं. बोटाएवढा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर प्रेटर, त्यांच्यावरून नाव दिलं: प्रेटेराय. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. रामसरच्या नोंदीत, नांदूरमध्यमेश्वरच्या खाली, त्याचंही नाव आहे.

वहिनी: तुम्ही पाहिलाय?

भाऊजी: नाही.

वहिनी: मग औषधं कमी झाली ती त्याच्यामुळं नाही. २०१० आठवतंय? युरोपात लिहोसिनचा अंश सापडला, आपले कंटेनर अडकले, कितीतरी बागायतदार त्या वर्षी बसले. तेव्हापासून कुठलं औषध कधी बंद करायचं, किती दिवस आधी, सगळं वहीत. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या पोटापायी हे झालं.

भाऊजी: मान्य. पण मण्यात किती उरलं ते प्रयोगशाळा मोजते. नदीत किती गेलं ते कोण मोजतं? तिथलं गिऱ्हाईक पावती मागत नाही म्हणून?

हा मुद्दा भाऊजींचा, आणि पक्का. निर्यातीच्या घडाची नोंद प्लॉटपासून पेटीपर्यंत ठेवली जाते. टाकी धुतलेल्या पाण्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

द्राक्ष आणि रान शेजारी-शेजारी राहिली की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं दुसरं उदाहरण सोलापूरजवळ आहे. नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या जाती निवडून काढल्या. आज त्या राज्यभरच्या बागांत आहेत. माळढोकाचं अभयारण्यही त्याच नान्नजचं. माळढोक तिथे आता दिसला तर बातमी होते. याचा दोष द्राक्षावर टाकणं अन्यायाचं ठरेल, माळरान अनेक बाजूंनी कमी होत गेलं. पण एका गावाचं नाव दोन गोष्टींनी मोठं झालं आणि त्यातली एकच वाढली, हे नजरेआड करता येत नाही.

भाऊजी: बरं, दवाचं राहू द्या. पूर? २०१९ ला सायखेडा, चांदोरी पाण्यात होते. आपल्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांनी बाभळी काढल्या होत्या, त्यांचा काठ ढासळला. चार ओळी गेल्या, लोखंडी अँगल आणि तारांसकट. आपली एकही वेल गेली नाही.

वहिनी: वेलींखालचे मातीचे बोद वाहून गेले.

भाऊजी: बोद परत ओढता येतात. काठ परत आणता येतो का? आणि जानेवारीत पारा उतरतो, कुंदेवाडीचा आकडा पेपरात येतो, तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून तुम्ही रात्री बागेत शेकोट्या पेटवता. लाकूड कुठलं असतं?

वहिनी: बाभळीचं.

भाऊजी: कुठल्या बाभळीचं?

वहिनी: कळलं. पण बिबट्याचं काय? थिनिंगला पेठ-सुरगाण्याच्या बाया येतात. पहाटे अंधारात त्या पट्ट्याच्या कडेनं पाण्याला जायला घाबरतात.

भाऊजी: बिबट्या उसात असतो वहिनी. पंधरा गुंठ्यांत तो काय संसार मांडणार? आणि त्याच बाया दुपारी भाकरी खायला कुठे बसतात? करंजाखालीच ना?

वहिनी: बसतात. कधी पाण्यात उतरून खेकडेही काढतात. मला आणून देतात.

या बायांना विचारलं तर त्या काय म्हणतील, हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. घडातले मणी कात्रीनं विरळ करणं, जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवणं हे सगळं त्यांच्या हातचं. पट्टा कुणी सर्वांत जास्त वापरत असेल तर त्याच. पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, म्हणून या संवादातही त्यांना जागा मिळालेली नाही. ही उणीव लेखाची आहे तशी तालुक्याचीही.

राहता राहिल्या भोरड्या.

हिवाळ्यात भोरड्यांचे थवे पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून येतात. तिकडे त्या टोळांचा फडशा पाडतात. इकडे ज्वारी, वड-पिंपळाची फळं आणि माणूस दारात ठेवील ते सगळं. द्राक्षात साखर भरू लागली की थवा बागेवर उतरतो. पक्षी सगळा घड खात नाही. दहा मणी फोडतो, रस गळतो, माश्या येतात, घड पेटीच्या कामाचा राहत नाही. म्हणून बागेवर नायलॉनची जाळी. जाळी बारीक दोऱ्याची असेल तर पक्ष्याला दिसत नाही. तो आत घुसतो, पंख अडकतो, सुटण्यासाठी फिरतो आणि प्रत्येक फेरीला दोरा आणखी आवळतो. काळं डोकं, मळकट गुलाबी पाठ आणि पोट, पायाच्या सांध्यात रुतलेला दोरा. बोटानं तो निघत नाही. वहिनी थिनिंगची कात्री आणतात, पक्षी डाव्या मुठीत धरतात, चोच अंगठ्याला बसते ती बसू देतात आणि टोकानं एकेक दोरा तोडतात. प्रत्येक पक्ष्यामागे जाळीला एक भोक पडतं. त्याच भोकातून दुसऱ्या दिवशी दुसरा आत येतो. हे त्या कुणाला सांगत नाहीत. भाऊजींनी दुर्बिणीतून पाहिलेलं आहे.

भाऊजी: मागच्या जानेवारीत सात सोडवल्यात तुम्ही.

वहिनी: मोजत बसला होता? मग उठून यायचं होतं.

भाऊजी: तुम्हाला आवडलं नसतं.

वहिनी: तुमच्या रानात बसतात म्हणून येतात त्या बागेत.

भाऊजी: रान काढल्यावर येणार नाहीत? थवा कझाकस्तानातून येतोय वहिनी. तुमच्या बाभळी नसल्या तर तो तारेवर बसेल. उलट निरगुडीत बुलबुल आहेत, वटवटे आहेत, अळ्या वेचतात.

वहिनी: निरगुडीत पिठ्या ढेकूणही आहे. पुसा मला. तिथून मुंग्या तो वेलीवर नेतात. तुम्ही चांगलं तेवढं मोजता.

दोघंही आपापल्या बाजूचं मोजतात आणि दोन्ही मापं खरी आहेत. मला विचाराल तर या वादात निसर्गाचा जास्त अभ्यास वहिनींचा आहे. दव किती वाजता उडतं, कुठल्या ओळीत, बुरशी पानाच्या कुठल्या बाजूला दिसते, मुंगी कुठून कुठे जाते, हे पाठ असणारा माणूस निसर्गाचा विरोधक कसा म्हणावा? पण त्यांचं ज्ञान मार्चअखेर माल निघाला की थांबतं. भाऊजींचं हत्तीपासून सुरू होतं आणि बिलाजवळ थांबतं. म्हणून भाऊजींनी बिलात उतरावं, असं मला वाटतं, आणि सुदैवानं वहिनींनाही तसंच वाटतं.

वहिनी: हे बघा. पट्टा ठेवू. पण माझ्या पद्धतीनं. बाभळींच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटायच्या, म्हणजे सकाळचं ऊन आत येईल. निरगुडी बागेच्या बाजूनं दहा फूट मागं. पाण्याजवळचं लव्हाळं आणि करंज तसंच.

भाऊजी: आणि टाकी?

वहिनी: टाकी वर विहिरीजवळ धुऊ, उतारावर नाही. मधे चर काढू, पावसाचं पाणी बागेतून सरळ नदीत जाणार नाही आणि बाभळीची मुळंही वेलीत येणार नाहीत. जेसीबी येतोच आहे, चराला लावते.

भाऊजी: मग राहिलं काय?

वहिनी: शेवटच्या तीन ओळी. त्या काढाव्या लागतील, तिथं कितीही केलं तरी डाऊनी येणारच. त्या ओळींचं उत्पन्न पट्ट्यापायी जातंय. अर्धं तुमच्या पेन्शनमधून.

भाऊजी: अर्धं?

वहिनी: नाव सातबाऱ्यावर अर्धं आहे ना? हत्ती अर्धा तुमचा, मासा अर्धा तुमचा.

भाऊजी: ठीक. पण जाळी बदलायची. जाड दोऱ्याची, पांढरी, पक्ष्याला दिसेल अशी, आणि ताणून बांधलेली.

वहिनी: ती महाग पडते. जुनी फाटेपर्यंत एकच बाजू बदलेन, नदीकडची. उरलेल्या तीन बाजूंना माणूस बसवावा लागेल, जानेवारीपासून माल निघेपर्यंत, सूर्य उगवायच्या आत. मजूर मिळत नाही.

भाऊजी: मी बसतो. नाहीतरी थवे मोजायलाच येतो.

वहिनी: दहाला नाही, सहाला. आणि मोजा खुशाल, पण डबा वाजवत मोजा.

भाऊजी: डबा वाजवल्यावर ते बसतील कसे, मी मोजणार कसा?

वहिनी: उडताना मोजा.